बारा मीटर तार

टेनिसची रॅकेट घेताना माणूस महिनाभर चौकशी करतो. फ्रेमचं वजन किती, डोकं अठ्ठ्याण्णव चौरस इंचांचं की शंभरचं, तोल मुठीकडे की टोकाकडे, अल्काराझ कुठली वापरतो. शेवटी पंधरा-वीस हजार रुपये मोजून मोकळा होतो. मग दुकानदार विचारतो, 'गटिंग कुठलं करू?' आणि उत्तर येतं, 'करा तुम्हीच काहीतरी चांगलं.' वास्तविक चेंडू फ्रेमला लागतच नाही. लागला तर तो फटका फसलेला असतो. चेंडूला शिवते ती फक्त तार, आणि तीही एका फटक्यात जेमतेम चार-पाच मिलिसेकंद. तेवढ्या वेळात चेंडू कुठल्या कोनात, किती वेगाने आणि किती गिरक्या घेत निघणार हे ठरून जातं. कोपराला किती हादरा पोचणार, हेही.

तारेच्या पाकिटावर आराम, नियंत्रण आणि स्पिन यांचे आलेख छापलेले असतात, प्रत्येकाला दहापैकी गुण दिलेले. हे गुण बघून निवड करणं धोक्याचं, कारण या तिन्ही गोष्टी एका जातीच्या नाहीत. आराम तारेत असतो आणि तो मोजता येतो. स्पिन बराचसा हाताचा, थोडा तारेचा. नियंत्रण तर तारेत नसतंच. तार फार तर एवढं करते की आजचा फटका कालच्यासारखा जातो. हा माझा पक्ष आहे, आणि पुढचं सगळं त्याच बाजूने लिहिलं आहे.

स्पिनपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

१९७७ च्या अमेरिकन ओपनमध्ये फॉरेस्ट हिल्सवर माइक फिशबॅक नावाच्या, फारसं कुणी न ऐकलेल्या खेळाडूने स्टॅन स्मिथला हरवलं. स्मिथ म्हणजे १९७२ चा विम्बल्डन विजेता. फिशबॅकच्या रॅकेटवर उभ्या तारांचे दोन थर होते, मध्ये मोजक्याच आडव्या तारा, आणि त्या एकमेकींत विणलेल्या नव्हत्या. जागोजाग प्लास्टिकच्या नळ्या ओवलेल्या. बागायतीच्या व्यवसायातल्या वेर्नर फिशर या जर्मन माणसाच्या डोक्यातून निघालेली ही रचना. लोकांनी तिचं नाव 'स्पगेटी रॅकेट' ठेवलं. चेंडू या जाळीवरून निघाला की टप्पा पडल्यावर कुठे उसळेल याचा समोरच्याला पत्ता लागत नसे, आणि फटक्याचा नेहमीचा आवाजही येत नसे, त्यामुळे कानांनी अंदाज घेण्याची सोयही गेली.

त्याच शरद ऋतूत पॅरिसमध्ये जॉर्ज गोवाँने अशाच रॅकेटने इली नास्तासेला हरवलं. नास्तासे भडकला, आणि थोड्याच दिवसांत स्वतःच तशी रॅकेट घेऊन एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या अंतिम सामन्यात उतरला. समोर गियेर्मो विलास होता. क्ले कोर्टवर सलग ५३ सामने जिंकलेला, त्या वर्षीचा फ्रेंच आणि अमेरिकन विजेता. पहिले दोन सेट नास्तासेने घेतले आणि विलास वैतागून कोर्ट सोडून निघून गेला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने लगेचच या रॅकेटवर तात्पुरती बंदी घातली. १९७८ मध्ये रॅकेट म्हणजे काय याची व्याख्या पहिल्यांदा नियमात लिहिली गेली: तारा एकमेकींत आलटून पालटून विणलेल्या किंवा छेदतात तिथे जोडलेल्या हव्यात. त्याआधीची शंभर वर्षं टेनिस अशा व्याख्येशिवायच चाललं होतं. विलासचा क्लेवरचा तो ५३ विजयांचा विक्रम पुढे २००६ मध्ये मोडला तो नदालने, म्हणजे आजवर चेंडूला सर्वांत जास्त फिरवणाऱ्यांपैकी एकाने.

स्पगेटी रॅकेट गेली, पण तिच्यामागचं तत्त्व बंदी घालून थोडंच जाणार होतं? वीस वर्षांनी ते मागच्या दाराने परत आलं. १९९७ मध्ये जागतिक क्रमवारीत ६६ व्या क्रमांकावर असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन मुस्टर, काफेल्निकोव्ह आणि ब्रुगेरा या तीन माजी विजेत्यांना पाडून फ्रेंच ओपन जिंकला. त्याच्या रॅकेटमध्ये बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. कडक, गुळगुळीत, बहुतेकांनी तोवर टिकाऊपणासाठीच वापरलेली. पाचेक वर्षांत चित्र पालटलं. आगासी २००२ च्या सुमारास तिच्याकडे वळला आणि त्याच वर्षी रोमची स्पर्धा जिंकला. आज पुरुषांच्या दौऱ्यावर निदान अर्ध्या जाळीत पॉली नसलेला खेळाडू शोधावा लागतो.

आता ही तार करते काय? सर्वसाधारण समजूत अशी की खडबडीत किंवा कोनदार तार चेंडूला ओरबाडते, पकडून धरते. कंपन्याही अष्टकोनी, पंचकोनी, पिळदार तारा याच समजुतीवर विकतात. सिडनी विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस, अमेरिकेतले क्रॉफर्ड लिंडसे आणि जपानचे योशिहिको कावाझो यांच्या प्रयोगांतून चित्र निघालं ते जवळजवळ उलटं. रॅकेट खालून वर जाताना चेंडू उभ्या तारांना बाजूला ढकलतो. त्या आडव्या तारांवरून घसरतात, ताणल्या जातात, आणि चेंडू सुटायच्या आत झपकन जागेवर परत येतात. परत येताना चेंडूला जाता जाता एक जादा पीळ देऊन जातात. म्हणजे स्पिन मिळतो तो तारा एकमेकींवरून सहज घसरतात म्हणून. कावाझो यांनी तर तारांना वंगण लावून पाहिलं आणि स्पिन वाढला.

याचा पुरावा कुठल्याही क्लबच्या कोर्टवर दिसतो. साध्या नायलॉनच्या तारा वापरणारा प्रत्येक रॅलीनंतर बोटांनी तारा सरळ करत बसतो. त्या सरकतात आणि तिथेच राहतात. पॉलीवाल्याला ते करावं लागत नाही. करतच असेल तर ती सवय आहे, किंवा त्याची तार संपली आहे.

फरक किती? लिंडसे यांच्या मोजण्यांत पॉली नायलॉनपेक्षा सुमारे २० टक्के आणि नैसर्गिक गटपेक्षा, म्हणजे आतड्याच्या तारेपेक्षा, साधारण ११ टक्के जास्त स्पिन देते असं दिसलं. हा आकडा लहान नाही, पण त्याच्या शेजारी दुसरा ठेवून बघा. जॉन यांडेल यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजलं तेव्हा सांप्रास आणि आगासी यांचा फोरहँड मिनिटाला १८००-१९०० गिरक्यांच्या आसपास भरला, नदालचा सरासरी ३२००. ही तफावत एकट्या तारेने भरून निघत नाही. ती नदालच्या खांद्याची, मनगटाची आणि रॅकेट डोक्यावरून मागे फेकून देणाऱ्या त्या विचित्र फॉलो-थ्रूची आहे. आणि हळू हात फिरवणाऱ्याला २० टक्के जास्त म्हणजे कशाच्या २० टक्के? सरळ, चपट्या फोरहँडवर तारा बाजूला ढकलल्याच जात नाहीत, मग परत येणार कुठून? आपल्या क्लबांत चाळिशी ओलांडलेली मंडळी 'स्पिनसाठी' पॉली टाकून येतात आणि स्लाइसच मारतात, तेव्हा हसू आवरत नाही.

आकाराबद्दल एवढंच: कोनदार तार नवी असताना थोडा फरक पडतो, पण तार कशाची आहे याच्या मानाने तो किरकोळ. जाळीच्या विणीचा परिणाम जास्त. १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची वीण मोकळी, १८ आणि २० ची दाट. मोकळ्या विणीत तार घसरायला जागा मिळते.

आता आराम. इथे आधी तारांचं कूळ बघायला हवं.

विंगफिल्डने लॉन टेनिसचं पेटंट घेतलं १८७४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या लियों शहरात बाबोलाट घराण्याने रॅकेटसाठी आतड्याची तार करायला घेतली. नैसर्गिक गट ती हीच. आज ती गायीच्या आतड्याच्या बाहेरच्या पापुद्र्यापासून करतात: पट्ट्या काढायच्या, धुवायच्या, एकत्र पिळायच्या, वाळवायच्या, घासून गुळगुळीत करायच्या. दीडशे वर्षं झाली, रसायनशास्त्राने इतकी मजल मारली, तरी या तारेची बरोबरी झालेली नाही. कारण तिचा कमी ताठपणा. चेंडू आदळल्यावर तार किती वाकते आणि किती विरोध करते हे प्रयोगशाळेत मोजतात. एक इंच ताणायला किती पाउंड लागतात, या मापात गट साधारण शंभरच्या आसपास येते. चांगली मल्टिफिलामेंट (नायलॉनच्या अनेक बारीक धाग्यांची तार) दीडशे ते दोनशे, पॉली दोनशेच्या पुढून तीनशेकडे, आणि केवलर पाचशेच्याही वर. तरुण आगासी उभ्या तारा केवलरच्या वापरायचा, हे आठवलं की त्याच्या मनगटाची कीव येते.

आकडा जितका मोठा, तितका चेंडू तारेवर कमी वेळ थांबतो आणि तितका हादरा तीव्र. हादरा फ्रेममधून मुठीत, मुठीतून मनगटाचे स्नायू जिथे कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटतात तिथे जातो. टेनिस एल्बो तिथलीच. मराठी घरांत हे दुखणं पोचलं ते २००४ मध्ये सचिन तेंडुलकरमुळे, क्रिकेटच्या बॅटमुळे; पुढच्या वर्षी त्याला लंडनला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ज्याला दोन-तीन दिवस चहाचा कप उचलताना कळ येते, त्याने तारेपासून तपास सुरू करावा असं मी म्हणेन. तारच गुन्हेगार असेल असं नाही. उशिरा लागणारा बॅकहँड, हलकी पण दगडासारखी ताठ फ्रेम, पावसाळ्यात ओलसर जड झालेले चेंडू, सगळ्यांचा हात असतो. पण बॅकहँड सुधारायला वर्ष लागतं आणि फ्रेम बदलायला पंधरा हजार. तार दोन दिवसांत बदलते.

जाळीत अडकवायचं ते रबरी बटण, डॅम्पनर, कोपर वाचवत नाही. ते तारांचा टणत्कार घालवतं. मुठीत येणाऱ्या हादऱ्याला हातही लावत नाही. आवाज आवडत नसेल तर लावा.

गटच्या खालोखाल मल्टिफिलामेंट. नायलॉनचे शेकडो बारीक धागे पॉलियुरेथेनसारख्या डिंकात एकत्र बांधलेले. टेक्निफायबरची एक्स-वन बायफेज, विल्सनची एनएक्सटी ही त्यातली जुनी, नावाजलेली नावं. हेडची व्हेलॉसिटी एमएलटी थोडी स्वस्त आणि मला वाटतं पैशाच्या मानाने फार चांगली. मग येतं सिंथेटिक गट: मध्ये नायलॉनचा एक जाड गाभा आणि भोवती पातळ वेटोळं. नावात गट असलं तरी गायीशी काही संबंध नाही. प्रिन्सची सिंथेटिक गट, गोसेनची ओजी शीप मायक्रो वर्षानुवर्षं तशाच विकल्या जातात, आणि कुणी जाहिरात करत नाही कारण नफा नाही. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याचं त्यांच्यावर सहज भागतं. दुकानदार त्या सुचवत नाहीत याचं कारणही नफ्यातच शोधावं.

गायीच्या आतड्याची तार आपल्याकडे अनेकांना चालणारच नाही, आणि तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्यांना चालते त्यांनाही मुंबईत किंवा गोव्यात जून ते सप्टेंबर ती वापरणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. गटवर मेणासारखा लेप असतो, तरी दमट हवेत ती ओल शोषते, फुगते, तिचे पदर सुटायला लागतात. पावसात एकदा भिजली की संपली. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात तीच तार महिनोन्‌महिने छान चालते. गटची खरी कमाई वेगळीच आहे. बाकी सगळ्या तारांपेक्षा ती ताण जास्त दिवस धरून ठेवते. तुटेपर्यंत ती जवळपास पहिल्या दिवसासारखीच खेळते, त्यामुळे महाग असूनही तिचा हिशेब वाटतो तितका वाईट नाही.

पॉलीचं याच्या नेमकं उलट. ती तुटत नाही, मरते. लावल्यापासून पहिल्या चोवीस तासांत, रॅकेट पिशवीत पडून असतानाही, ती ताणाचा दहावा हिस्सा सहज घालवते. खेळायला लागल्यावर उभ्या-आडव्या तारा एकमेकींना खाचा पाडतात. खाचा पडल्या की घसरणं थांबलं, घसरणं थांबलं की स्पिन गेला. म्हणजे ज्या एका गुणासाठी ती घेतली, तोच आधी जातो. ताठपणा तेवढा राहतो. दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर बहुतेक पॉली अशा अवस्थेत असते. व्यावसायिक खेळाडूला हे कधी भोगावं लागत नाही. त्याच्या रॅकेटा सामन्याच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी विणलेल्या असतात, आणि फेडररसारखे तर चेंडू बदलले की, म्हणजे आधी सात आणि मग दर नऊ गेमनंतर, रॅकेटही बदलत. क्लबमधला माणूस तीच पॉली आठ महिने वापरतो, 'अजून तुटली नाही ना' म्हणून. कोपरांच्या तक्रारींत या आठ महिन्यांचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. ज्याला वेळेवर कापायची तयारी नाही, त्याने पॉली घेऊच नये.

लहान मुलांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. अकादमीत बारा वर्षांच्या मुलाच्या रॅकेटमध्ये आरपीएम ब्लास्ट ही पॉली दिसते, कारण नदालच्या रॅकेटमध्ये ती होती. नदालने ती १.३५ मिलिमीटर जाडीची, ५५ पाउंडांना वापरली, पण त्याच्या हाताचा वेग आणि त्याच्या पिशवीतल्या रॅकेटा या दोन्ही गोष्टी आपल्या मुलाकडे नाहीत. जे मूल दोन महिन्यांत मल्टिफिलामेंट तोडत नाही, त्याला पॉलीची गरज नाही. वाढत्या हाडांना तर नाहीच.

राहिला ताण, म्हणजे टेन्शन. यावर जितकं बोललं जातं तितकं दुसऱ्या कशावर नाही. बोर्ग लाकडी डॉने रॅकेटमध्ये ऐंशी पाउंडांच्या आसपास ताण लावायचा. रात्री हॉटेलच्या खोलीत तारा आपोआप तुटल्याचे आवाज यायचे. सांप्रास लहान डोक्याच्या रॅकेटमध्ये बारीक गट सत्तरच्या पुढे ओढून घ्यायचा. दुसऱ्या टोकाला आजचा एड्रियन मानारिनो: तो दहा-बारा किलोच्या आसपास खेळतो, म्हणजे पंचवीस पाउंडांच्या आगेमागे. हे ताण एका पिढीचे, एका तारेचे नाहीत, तरी तिघांनीही त्यांवर वरच्या दर्जाचं टेनिस खेळलं. एवढ्यावरून तरी लक्षात यावं की 'योग्य ताण' असं काही नसतं.

ढिली जाळी जास्त ताकद देते, घट्ट जाळी नियंत्रण देते, हे वाक्य कोच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मोजायला गेलं की ताण दहा पाउंडांनी उतरवला तरी चेंडूचा वेग जेमतेम एक-दोन टक्के वाढतो. मग बेसलाइनच्या बाहेर का जातो? कारण ढिल्या जाळीवरून तो थोड्या वरच्या कोनातून निघतो. नेटवरून अर्धा फूट उंच गेलेला चेंडू कोर्टच्या टोकाला दोन-तीन फूट लांब पडतो, आणि खेळाडूला वाटतं ताकद वाढली. टॉपस्पिन मारणारा माणूस हा कोन नकळत सांभाळून घेतो, चपटे मारणारा नाही घेत. त्यामुळे एकाला ४६ पाउंड आवडतात आणि दुसऱ्याला ५६, आणि दोघेही स्वतःपुरते खरे असतात. गंमत म्हणजे रॉब बोवर आणि क्रॉस यांनी २००३ मध्ये चांगल्या हौशी खेळाडूंना वेगवेगळ्या ताणाच्या रॅकेटा दिल्या, तेव्हा बऱ्यापैकी मोठा फरकही बहुतेकांना हाताने ओळखता आला नाही. 'एक पाउंड कमी कर' असं गंभीर चेहऱ्याने सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

नियंत्रण तारेत नसतं, असं सुरुवातीला म्हटलं ते याच अर्थाने. पॉली नियंत्रण देते असं खेळाडू सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. पूर्ण ताकदीने फिरवलेल्या हाताला तिच्यामुळे जादा स्पिन मिळतो, स्पिनमुळे चेंडू रेषेच्या आत बुडतो, त्यामुळे आणखी जोरात मारायची हिंमत होते. हे सगळं चक्र हाताच्या वेगाने सुरू होतं. हात हळू असेल तर पॉलीतून चेंडू आखूड पडतो, तो लांब टाकायला माणूस आणखी जोर लावतो, आणि जोर कोपराच्या खात्यात जमा होतो. हळू हाताला नियंत्रण हवं तर चेंडू दर वेळी तसाच निघेल अशी, ताण टिकवणारी तार हवी. म्हणजे पुन्हा गट, किंवा थोडी घट्ट मल्टी.

हवामानाचा मुद्दा आपल्याकडे पुरेसा बोलला जात नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशेहून जास्त मीटर उंच आहे. हवा थोडी विरळ, चेंडू थोडा पळतो. २०१८ पासून काही वर्षं बालेवाडीला एटीपीची महाराष्ट्र ओपन होत असे, तेव्हा चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सवयीतून इथे येणाऱ्यांना हा फरक जाणवणं साहजिक होतं. मुंबईत चर्चगेटला खेळणाऱ्याने पुण्यात स्पर्धेला येताना ताण दोनेक पाउंडांनी वाढवायला हरकत नाही. मे महिन्यात मात्र सगळ्यात मोठा शत्रू गाडीची डिकी. दुपारभर बंद डिकीत राहिलेली रॅकेट संध्याकाळी वेगळ्याच ताणाची होऊन बाहेर येते, पॉली असेल तर विशेषच.

आणि मशीन. आपल्या शहरांत गटिंग करणाऱ्यांचा बराच धंदा बॅडमिंटनवर चालतो. हाताने फिरवायची लॉक-आउट मशीन तार ओढून खटका पडला की थांबते. इलेक्ट्रॉनिक मशीन ओढतच राहते. त्यामुळे एकीवरचे ५२ दुसरीवर ४८-४९ सारखे वाटू शकतात. युरोपातली मशीन किलोत चालतात, तिथून आलेला सल्ला पाउंडांत बदलून घ्यायचा: एक किलो म्हणजे २.२ पाउंड. माणूस एकच धरून राहावं, त्याच्या मशीनला समजून घ्यावं. गाव बदललं की आकडा नव्याने शोधावा लागतो.

दोन तारांची मिश्र जाळी, हायब्रिड, हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे असं मला वाटतं, पण तो उलटा लावणारे फार. फटक्याचा गुण मुख्यतः उभ्या तारा ठरवतात. फेडरर आणि जोकोविच उभ्या तारा गटच्या आणि आडव्या पॉलीच्या लावत आले. गट गुळगुळीत पॉलीवरून घसरते, म्हणून मऊपणा राखून स्पिनही मिळतो. क्लबमध्ये उलट दिसतं: उभी पॉली, आडवी सिंथेटिक. टिकायला छान, कोपराला मात्र कडकच. ज्याला गट परवडत नाही किंवा नको, त्याने उभी मल्टी आणि आडवी मऊ, गोल पॉली करून पाहावी. मल्टीचे पदर लवकर सुटतात, एवढा तोटा मान्य करूनच.

मग कुणी काय घ्यावं? आठवड्यातून दोन-तीनदा डबल्स खेळणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने पॉलीचा विचार सोडावा, १.३० ची मल्टी, ५२-५४ पाउंड, आणि कोपर कुरकुरत असेल तर ५० वर यावं. ज्याच्या तारा दर दोन-तीन आठवड्यांनी तुटतात आणि जो खरोखर टॉपस्पिन मारतो अशा कॉलेजातल्या खेळाडूला पॉली रास्त आहे, पण ४६-४८ वर, आणि वेळेवर कापायच्या बोलीवर. पॉली आणि मल्टी एकाच आकड्याला लावणं ही नेहमीची चूक. पॉली नेहमी चार-पाच पाउंड खाली हवी. बारीक तार, १.२५ ची, थोडी जास्त जिवंत वाटते आणि लवकर तुटते. ज्याला वर्षातून एकदाच गटिंग करायचं आहे त्याने १.३० चं सिंथेटिक गट घालावं आणि निवांत खेळावं. आठवड्यात जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग करा, असा जुना ठोकताळा आहे. नायलॉनसाठी तो ठीक, पॉलीसाठी फार उदार.

बदल करायचा तर एका वेळी एकच करावा. तार बदलली तर, मल्टी-पॉलीची अदलाबदल सोडून, ताण तोच ठेवावा, ताण बदलला तर तार. फ्रेमच्या गळ्याशी चिकटपट्टीवर तारेचं नाव, आकडा आणि तारीख लिहून घ्यावी. बरेच गटिंगवाले सांगितलं तर लिहून देतात. एका सेटमध्ये सुमारे बारा मीटर तार असते, दोनशे मीटरचं रीळ घेतलं तर सोळा रॅकेटा निघतात. चार जणांनी मिळून रीळ घ्यावं, पण पहिल्याच महिन्यात नाही. आधी दोन-तीन वेगवेगळे सेट घालून पाहावेत, आणि खेळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर काय म्हणतं ते विचारावं. रीळ त्यानंतर.